वेल्डिंगवाल्या अंजनाक्का

काम सुरू करण्याआधी अंजनाक्का रस्त्याकडे तोंड करून मोठ्यानं ओरडायच्या, "डोळं!"

ती हाक आली की समोरचा गिरणीवाला रामभाऊ, शेजारचा पंक्चरवाला, एस्टीची वाट बघत उभी असलेली माणसं, सगळी पाठ फिरवायची. मग आक्का काळी काच बसवलेली ढाल तोंडापुढे धरायच्या आणि रॉड लोखंडाला टेकवायच्या. मी मलकापुरात नवी होते. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. साताऱ्याची मुलगी, पहिलीच नोकरी, प्राथमिक शाळेतली. बंगळूरच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या पत्र्याच्या दुकानामागे एक खोली भाड्यानं मिळते असं कळलं म्हणून बघायला आले होते. हाक ऐकून सगळे वळले आणि मी मात्र नेमकी तिकडेच बघत उभी राहिले. नऊवारी लुगड्यातली एक बाई, पायात पुरुषाचे जाड बूट, हातात कोपरापर्यंत कातडी मोजे, आणि तिच्या हातातून निळापांढरा जाळ सुटलेला. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

खोली त्याच दिवशी घेतली आणि संध्याकाळी तिथे माझे डोळे पेटले. मूठभर वाळू कुणी पापण्यांखाली कोंबली असावी असं वाटत होतं. दिवाही सहन होईना. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

"बघितलंसा न्हवं जाळाकडं? चोळू नगासा. वाळूवानी टोचतं, पर ती वाळू न्हाई, चोळून जाणार न्हाई." आक्कांनी गार पाण्यात फडकं भिजवलं, घडी करून माझ्या डोळ्यांवर ठेवलं. ते कोमट झालं की पुन्हा भिजवायच्या. मी म्हटलं, "चूक माझीच. तुम्ही ओरडून सांगितलं होतं." तर म्हणाल्या, "तुमी नव्या. तुमास्नी काय ठावं? नवं माणूस दिसल्यावर मी थांबाया पायजे हुतं." मला झोप लागेपर्यंत त्या उशाशी बसून होत्या. मलकापुरातली माझी पहिली ओळख ही अशी, डोळे मिटलेले असताना झाली.

त्यांचं माहेर आटपाडीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा धोंडीराम लष्कराच्या वर्कशॉपात वेल्डिंग शिकून आलेला. पेन्शनीवर आल्यावर त्यानं मलकापुरात हे दुकान टाकलं. हाताखाली माणूस ठेवणं परवडेना, म्हणून बायकोच लोखंड धरायला उभी राहू लागली. धरता धरता शिकली. पोटी मूल नव्हतं. मी गेले तेव्हा धोंडीराम जाऊन काही वर्षं झाली होती आणि दुकान आक्का एकट्याच चालवत होत्या.

सकाळी शाळेत जाण्याआधी माझ्या खिडकीतून त्यांची तयारी दिसायची. वेल्डिंगचं मशीन म्हणजे चाकांवरचा तेलानं भरलेला लोखंडी डबा, घोड्याएवढा जड. आधी मेन बंद असल्याची खात्री. मग मशीनच्या अंगाला जोडलेली, जमिनीत पुरलेल्या पट्टीकडे जाणारी जाड तार हलवून बघायच्या. त्या जागी मीठ-कोळसा घालून भरलेला खड्डा होता, त्यात तांब्याभर पाणी ओतायच्या, लोकांनी तुळशीला घालावं तसं. मग एकेक केबल दोन्ही हातांच्या चिमटीतून ओढत शेवटापर्यंत जायच्या. कुठे कापलं, सोललं, कुरतडलं असेल तर बोटाला कळायचं. बसायला कोरडी फळी. रॉकेलचा डबा, चिंध्या, भुसा सगळं लांब. वाळूची बादली जवळ. आणि हे सगळं झाल्यावरच मेनचा खटका वर.

गिऱ्हाईक ताटकळायचं. "आक्का, आवं एक टाका मारायचा हाय, लगीन न्हाई लावायचं," असं कुणी म्हटलं की त्या मान वर न करता म्हणायच्या, "लग्नाला मुहूर्त चुकला तर दुसरा घावतो." आणि केबल चाचपत राहायच्या. त्यांचं एक बोलणं माझ्या कानात बसलंय: "करंट दिसत न्हाई. म्हणून त्यो हाय असंच धरून चालायचं."

काम चोख असूनही त्यांच्या दुकानात माणूस बसत नसे. इतर दुकानांत पुरुष चहा पीत, तंबाखू मळत टेकायचे. इथे लोखंड टाकून समोरच्या लिंबाखाली जाऊन उभे राहायचे. विधवेच्या दुकानात बसायचं कसं, हा प्रश्न. गावातल्या बायकांना आणखी वेगळा प्रश्न: पुरुषाचे बूट घालून रस्त्यावर बसणाऱ्या बाईला घरात बोलवायचं कसं? हळदीकुंकवाला तर नाहीच, पण साधे पापड लाटायलाही कुणी हाक मारत नसे. आक्कांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त मी रविवारी साताऱ्याला जाऊन आले की त्या विचारायच्या, "आईनं काय केलं हुतं जेवाया?" मी सांगायची. तेवढ्यानं भागायचं नाही. आमटी कशाची, चटणी कोरडी का ओली, कोण कुणाशेजारी बसलं होतं, कोण कशावरून हसलं, सगळं सांगावं लागे. आणि ऐकताना त्या अशा बसायच्या, की जणू पंगतीत त्यांचंही पान मांडलंय.

धोंडीरामचं त्यांनी एकदाच सांगितलं. मी भाकरी थापत होते, त्या चुलीपुढे बसल्या होत्या.

"उसाच्या ट्रॉलीचं काम हुतं. आदल्या दिशी पाऊस पडल्याला. ट्रॉलीचं चाक वायरीवरनं गेलं, ती आतनं सोलली. मशीनच्या अंगात करंट उतरला. जमिनीत जायाची तार जोडल्याली न्हवती. म्हणाले, एवढ्याशा कामाला कशाला? वल्या हातानं मशीन सरकवाया गेले." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "सगळी म्हणाली, येळ आली हुती. मी म्हणलं, आली आसंल. पण आत कुठनं शिरली? त्ये कुणी सांगंना. मग वीज बोर्डाचा एक वायरमन हुता, त्येला गाठलं. त्येनं जमिनीवर काटकीनं काढून दावलं. करंटाला जमिनीत जायाला वाट न्हवती, म्हणून ह्यांच्यातनं गेला. एका तारेची गोष्ट हुती, बाई."

सासरच्यांनी मशीन विकून टाकायला सांगितलं होतं. आक्का म्हणाल्या, "इकलं असतं तर म्या कुठं जायाचं हुतं? ह्या मशीनसंगंच माझा सौंसार झाला."

एका गळीत हंगामात अवकाळी पाऊस लागून राहिला. दुपारी उसानं भरलेल्या ट्रॉलीचा दांडा बरोबर दुकानापुढे तुटला. ऊसवाहतुकीचा ठेकेदार छत्री धरून आला. शाळा लवकर सुटली होती, म्हणून मी दारातच होते.

"आक्का, जोडून द्या बिगीनं. कारखान्यावरची पाळी जाईल."

"पाऊस थांबू द्या, आबा. जमीन निथळू द्या. ट्रॉली पत्र्याखाली तर येत न्हाई."

"तवर ऊस वाळंल की वो!"

"ऊस वाळला तर वजन घटतं. माणूस गेल्यावर काय घटतं, त्ये मला इचारा."

ठेकेदाराचं तोंड कडू झालं. त्यानं माणूस पाठवून कऱ्हाडातून दुसरा वेल्डर आणवला, मशीनसकट. लाईन रामभाऊच्या गिरणीतून घेतली. पाऊस पडतोय, केबल चिखलातून गेलेली, वेल्डरच्या पायात साध्या चपला. आक्का त्याच्याजवळ गेल्या. "गड्या, मशीनला जमिनीची तार तरी जोड. फळी घे माझी, बूट घे." तो हसला. "म्हातारे, मी काय आजच शिकलो व्हय?" ठेकेदाराची माणसंही हसली.

आक्का रस्ता ओलांडून सरळ गिरणीत शिरल्या. मला वाटलं, आडोशाला गेल्या. मी छत्री घेऊन मागे गेले तर त्या मेनपाशी कोरड्या पोत्यांवर उभ्या होत्या. एक हात खटक्याच्या लाकडी मुठीवर आणि नजर बाहेर त्या वेल्डरवर. उघड्या डोळ्यांनी जाळाकडे बघायचं नाही म्हणून काळी काच डोळ्यांपुढे धरलेली. मी म्हटलं, "आक्का, घरी चला. तो तुमचं ऐकत नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

"त्यो ऐकत न्हाई म्हणूनच हितं उभी हाय," त्या म्हणाल्या. "पडला तर खटका पाडाया कुणीतरी पायजे का नगं? ह्यांच्या येळंला खटक्यापाशी कुणी न्हवतं."

काम संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. दांडा जोडला गेला. काही झालं नाही. वेल्डरनं विडी पेटवली, ठेकेदारानं जाता जाता आमच्याकडे बघून म्हटलं, "बघा आक्का, झालं का न्हाई? उगं घाबरवता लोकास्नी." ट्रॉली गेली. आक्कांनी खटका पाडला आणि तिथेच पोत्यांवर बसल्या. मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"काय झालं न्हाई," त्या म्हणत होत्या. "लय ब्येस झालं, बाई. काय झालं न्हाई."

त्यानंतर मात्र गिऱ्हाईक आटत गेलं. पावसात काम करणारा, वेळ न लावणारा वेल्डर मिळाल्यावर केबल चाचपत बसणाऱ्या बाईकडे कोण येणार? त्यातच आक्कांची नजर मंदावली. टाका कुठे पडतो ते दिसेना, तेव्हा त्यांनी आपणहून काम थांबवलं. मशीन इस्लामपूरकडच्या एका होतकरू वेल्डरला दिलं. आटपाडीहून भाऊ न्यायला आला. एस्टी हलताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा चेहरा चाचपला आणि म्हणाल्या, "रोज काहीतरी गरम करून खावा. एकटं माणूस तेवढंच इसरतं."

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं. त्या दशकाच्या अखेरीस शिक्षकांच्या शिबिरासाठी आटपाडीला जाणं झालं, तेव्हा विचारत विचारत त्यांच्या भावाच्या वस्तीवर गेले. अंगणात मेंढरांची लोकर पसरली होती. भाऊ म्हणाला, "आक्का गेली की, बाई. गेल्या उन्हाळ्यात. तुमी कुठल्या?"

मी म्हटलं, "मलकापूरची. त्यांच्या दुकानामागे राहायची."

"दुकान? त्ये तर दाजी गेल्यावरच इकलं न्हवं?"

मला आधी कळेनाच. मग उलगडत गेलं. आक्कांनी माहेरी सांगितलं होतं, की दुकान विकलं, राहतात मलकापुरातच, पण कऱ्हाडात एका घरी स्वयंपाकाला जातात. भाऊ न्यायला आला तेव्हा दुकान मोकळं झालं होतं, पत्रे उतरवले होते. खरं सांगितलं असतं तर भावानं तेव्हाच ओढून घरी आणलं असतं, एवढंच कारण असणार.

मी सगळं सांगितलं. भाऊ ऐकताना खाली बघत होता. मग म्हणाला, "हिरीवर मोटार बसवाया माणसं आल्ती, तवा म्हातारी चाचपडत तितं गेली. म्हणाली, मला कळतं ह्यातलं, मला हात लावून बघू द्या. आमी हसलो. डोळ्यानं दिसत न्हाई म्हणून हाताला धरून घरात आणून बसवली."

भावजयीनं चहा आणला. कप माझ्यापुढे ठेवून ती उंबऱ्यात बसली.

"ती आमच्यात हुती, पर आमी तिला कवा काय इचारलंच न्हाई," ती म्हणाली. मग मला विचारलं, "तितं तिच्याजवळ माणसं हुती का वो, बाई? बसाया-बोलाया?"

मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "होती की. पुष्कळ होती."