आबांचा पुकारा

रविवारी दुपारी पावणेदोन वाजले की आबा आपल्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभे राहायचे. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, हात पाठीमागे. आणि मग तो आवाज सुटायचा. "पार्वती बाबल हाजीर हो... पार्वती बाबल हाजीर हो... पार्वती बाबल, हाजीऽर!" नाव तीन वेळा, मग पुढचं नाव. माडांच्या दोन रांगा ओलांडून तो आवाज आमच्या चुलीपर्यंत पोचायचा. आई विळीवरची मासळी तशीच झाकून म्हणायची, "चला, कोर्ट भरला."

आबा तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. पक्षकारांच्या आणि साक्षीदारांच्या नावाचा पुकारा करणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन आमच्या गावी, देवबागेत आले आणि आमच्या वाडीतला पहिला रंगीत टीव्ही त्यांच्या ओटीवर आला. त्या साली रविवारी दुपारी दोनला कोर्टाची एक हिंदी मालिका पुन्हा दाखवायचे. चहाच्या मळ्याच्या मालकाचा खून झालेला, आणि संशय चौघांवर: बायको, भाऊ, डॉक्टर आणि माळी. वाडीला हिंदी अर्धीमुर्धी कळायची. उरलेली आबा मालवणीत सांगायचे आणि सांगता सांगता टीव्हीतल्या कोर्टाला धुऊन काढायचे.

"असो ओरडता खंय वकील? आमचे जज्जसायब असते तर तेका भायर घालवल्यानी असतो," ते म्हणायचे. "आणि साक्षीदाराक येवक तीन तारखो लागतत. हयसर आठ दिसांनी खुनी गावता. पोलीस काय करतत मगे, भजी खातत?"

प्रत्येकाचं आपलं मत असायचं. पार्वतीकाकी आमच्या शेजारची, मासे विकणारी. ती पहिल्या भागापासून बायकोवर अडून बसली होती. "घोव मरान आठ दिस झाले नाय, आणि केस बघा कशे विंचरलेत." बाबी तांडेल आमच्या रापणीचा म्होरक्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून साऱ्या वाडीने मिळून ओढायचं मोठं जाळं. आलेल्या मासळीत प्रत्येक दोर धरणाऱ्याचा वाटा. बाबीचा संशय डॉक्टरवर. "इंजेक्शान देताना हसता तो."

"हसणा हो पुरावो नाय रे," आबा म्हणायचे. "रापणीत बांगडो इलो काय तू पण हसतंस. तुका फासार देवचो?"

आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न. "वाटता, काय बघलंस?"

"वाटता."

"मगे टाक काज."

टीव्हीच्या कपाटावर चार करवंट्या मांडलेल्या असत, एकेका संशयिताची एकेक, कोळशाने खूण केलेली. ज्याला जो खुनी वाटे, त्याच्या करवंटीत त्याने एक काजबी टाकायची. "वाटण्याक करवंटी आसा," आबा सांगत. "बघलेल्याक पिंजरो आसा." पिंजरा म्हणजे साक्षीदाराचा. मला ते वकिलीणबाय म्हणायचे. एकदा मी उगाच खात्रीने काहीतरी बोलले, तेव्हा म्हणाले, "वाटता आणि बघलंय, ह्येच्या मदी खाडी आसा गो वकिलीणबाय. ती पोवान जावची नसता."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते आणि त्यात आबांचा वाटा होता हेही सांगते. माझा फॉर्म त्यांनी भरला. पालकाच्या सहीच्या जागी बाबांनी अंगठा पुढे केला, तेव्हा आबांनी शाईचा डबा बंद केला. "चेडू कॉलेजात जाता आणि तू अंगठो देतंस? बस हय." तीन संध्याकाळी बाबा त्यांच्या ओटीवर मांडी घालून बसले आणि पाटीवर स्वतःचं नाव गिरवलं. रापणीच्या दोराने सोललेल्या बोटांत पेन्सिल धरायची म्हणजे काय, ते मी बघितलं आहे. चौथ्या दिवशी फॉर्मवर सही झाली. 'पांडुरंग' मधला 'ड' पोट सुटल्यासारखा, पण सही.

आता दाजी शेठचं सांगायला हवं. त्याचे ट्रॉलर होते आणि बर्फाचा कारखाना. मालिका चालू होती त्या उन्हाळ्यात त्याचा एक ट्रॉलर किनाऱ्याला लागून गेला आणि आमची रापण मधोमध फाटली. बाबा तोंडाचे फटकळ. भर बाजारात ते त्याला म्हणाले, "परत इलंस तर तुझी जाळी जाळून टाकतलंय." सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांना तेव्हा बरंच वाटलं.

त्याच मे महिन्यात मालिकेचा शेवटचा भाग लागला. ओटी भरून माणसं खळ्यात बसली होती. करवंट्या काठोकाठ. बाबांनी अगदी शेवटच्या क्षणी काज टाकली, कोणात ते लपवून. काळ्या कोटातला वकील चौघांसमोरून फिरला, थांबला, बोट उचललं आणि लाईट गेली.

पंधरा मिनिटं सगळ्यांनी वाट बघितली. मग उकाडा सोसेना म्हणून एकेक जण उठला. आई आणि मीही उठलो. बाबा उठले नाहीत. "येतली आता," ते म्हणाले. "माझी काज आसा थय." आबांच्या आरामखुर्चीशेजारी, खांबाला टेकून बसलेले. आम्ही त्यांना तसं सोडून निघालो. पुढचा तासभर ते तिथेच होते, हे बघणारं एकच माणूस होतं. चारच्या सुमाराला ते घरी आले. लाईट आली तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती म्हणाले. खुनी कोण, ते वाडीत कोणालाच कळलं नाही.

त्याच तासात, गावाच्या दुसऱ्या टोकाला, दाजी शेठचा जाळी ठेवायचा मांगर जळला.

तिसऱ्या दिवशी पोलीस बाबांना घेऊन गेले. धमकी सगळ्यांनी ऐकलेली, आणखी काय हवं? जामीन झाला, केस उभी राहिली. मध्येच दाजी शेठकडून निरोप आला: देवळात नारळ ठेवून चार माणसांत माफी माग, आपण मिटवून टाकू. बाबा थकले होते. हो म्हणायच्या बेतात होते. नाही म्हणाले ते माझ्यामुळे. "न केलेल्याची माफी कशाला?" मी म्हटलं. "आपल्याकडे साक्षीदार आहे. आणि तो कोण? आबा."

"आबा सांगतले मां?" बाबांनी विचारलं.

"आबा नाही सांगणार तर कोण सांगणार?"

मी आबांकडेही गेले. ते सुपारी कातरत होते. "मी आसंय मां," एवढंच म्हणाले. मला एवढं पुरलं.

साक्षीच्या दिवशी नव्या शिपायाने 'जनार्दन भिकाजी' असा त्यांच्या नावाचा पुकारा केला, चिरक्या आवाजात, दोनदाच. आबांनी मान वळवून त्याच्याकडे नापसंतीने बघितलं. मला हसू आलं, ते अजून आठवतं. मग ते पिंजऱ्यात चढले. तीस वर्षं त्या पिंजऱ्याच्या बाहेर उभं राहिलेलं माणूस. आमच्या वकिलाने विचारलं, लाईट गेल्यावर आरोपी कुठे होता? आबा ऑफिसातल्या प्रमाण मराठीत बोलले. "लाईट गेल्यावर मला डुलकी लागली. ते तिथेच बसले असावेत, असं मला वाटतं. नक्की सांगता येणार नाही."

वकिलाने पुन्हा विचारलं. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "मला वाटतं."

असा शब्द निवडायला तीस वर्षांचा अनुभव लागतो. खोटं म्हणून कोणी पकडू शकणार नाही, आणि खरं म्हणून कोणाच्या उपयोगी पडणार नाही.

एस्टीत बाबांनी तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, "झोपलो खंय तो? तासभर माका सांगत होतो, माळ्यान खून कसो केल्यान असतलो ता."

पंधरा दिवसांनी आबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घरी आली. मुलगा दाजी शेठचा सख्खा भाचा. आईने पत्रिका वाचायला माझ्याकडे दिली, ऐकून घेतली आणि फळीवर मिठाच्या बरणीमागे ठेवून दिली.  लग्नाला आम्ही गेलो नाही.

निकालात बाबा सुटले. मी कागद वाचून दाखवला: संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. "म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"सुटलात."

"मी सुटलंय. पण संशय खंय गेलो?"

बी.ए.च्या शेवटच्या वर्षात होते मी.  पण उत्तर वाडीने दिलं. बाबा रापणीवर गेले, तेव्हा बाबी तांडेल त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "जरा दिस थांब रे पांडू. माणसा बोलतत." रापणीची मासळी दाजी शेठच्या बर्फावर जायची, हे त्याने सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. पार्वतीकाकी आईला म्हणाली, "माका काय तसा वाटणा नाय गो, पण..." ज्या माणसांनी आबांच्या ओटीवर बसून चौघांच्या करवंट्या भरल्या, त्यांनीच आता पाचवी करवंटी मांडली होती. सगळ्यांच्या काजी एकाच नावावर.

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. खाडीवर एकटेच जाऊन पाग टाकू लागले, कमरेभर पाण्यात उभं राहून. एकट्या माणसाचं जाळं ते. मी पदवी घेतली, कुडाळला नोकरीला लागले. शनिवारी घरी यायची. आबांच्या घरासमोरून जाताना ते खळ्यात असले तर मला बघून उठून आत जायचे. रविवारचा पुकारा बंद झाला होता. घरोघरी टीव्ही आले होते म्हणून, असं लोक सांगत.

दहा वर्षांनी कुठल्याशा चॅनलवर तीच मालिका पुन्हा लागली. पार्वतीकाकी निरोप घेऊन आली: "आबांनी सांगल्यानी, रविवारी शेवटचो भाग आसा. वकिलीणबायक येवक सांग."

मी का गेले? शेवट बघायला नव्हे. आबा आरामखुर्चीत होते, वाळून अर्धे झालेले. सदऱ्याची बटणं मात्र गळ्यापर्यंत. मी खांबाशी बसले, आणि कपाटाकडे लक्ष गेलं. चारही करवंट्या तिथेच होत्या. त्या दिवसाच्या काजी कोणी काढल्या नव्हत्या. काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या.

टीव्हीवर तो वकील चौघांसमोरून फिरू लागला. आबा म्हणाले, "त्या दिवशी माका झोप लागूक नव्हती गो."

मी त्यांच्याकडे वळले नाही. "वाटता, काय बघलंस?" आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना एकेरी बोलले.

 "बघलंय," ते म्हणाले. "तुझो बापूस थंयच होतो. तू बसलंस त्या खांबाक टेकान. उठलो पण नाय. लग्न मोडला असता गो चेडवाचा."

"हे मला कशाला सांगताय? मला माहीत होतं. रापणीवर सांगा. सगळ्यांसमोर."

"उद्या सकाळी येतंय," आबा म्हणाले. "रापणीर येवन सांगतंय."

वकिलाने बोट उचललं तेव्हा मी उठून खळ्यात आले होते. खुनी कोण, हे मला अजूनही माहीत नाही.

आणि मी पुन्हा तीच चूक केली. घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबी तांडेलाला सांगितलं, वाटेत भेटेल त्याला सांगितलं. सोमवारी रजा टाकली. सकाळी बाबांनी ट्रंकेतून धुतलेला शर्ट काढला. दहा वर्षांनी ते रापणीवर आले आणि माणसांपासून दहा पावलांवर, ओल्या वाळूत उभे राहिले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. जाळं ओढून होत आलं, कावळे जमले, ऊन चढलं. लोक एकदा माझ्याकडे, एकदा आबांच्या घराकडे बघत होते. घर तिथून हाकेवर.

मी चालत गेले आणि त्यांच्या खळ्यात उभी राहिले. दार लावलेलं. हात पाठीमागे घेतले आणि त्यांच्याच चालीत ओरडले. "जनार्दन भिकाजी हाजीर हो." किनाऱ्यावरचा दोर थांबला. "जनार्दन भिकाजी हाजीर हो." मग तिसऱ्यांदा, त्यांनी शिकवलेला हेल काढून.

आत कोणीतरी खोकलं. दार उघडलं नाही.

मी किनाऱ्यावर परत आले. त्या न उघडलेल्या दारातून सगळ्यांना काय समजायचं ते समजलं असावं. बाबी तांडेलाने घसा साफ केला. "पांडू, ये रे. हय दोरयेक माणूस कमी आसा."

बाबांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "दहा वर्सां कमी नव्हतो?"

ते घरी आले, शर्ट काढून त्याची घडी घातली, पाग खांद्यावर टाकली आणि खाडीकडे निघून गेले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आबा गेले. मी घरीच होते. उंबऱ्यापर्यंत आले आणि पुढे पाऊल टाकलं नाही. बाबा गेले. नुसते गेले नाहीत, खांदा दिला, स्मशानात शेवटपर्यंत थांबले. परत आल्यावर आईने विहिरीवर त्यांच्या हातापायांवर पाणी घातलं. मला राहवलं नाही. "तुम्ही कशाला गेलात?" मी विचारलं. "त्यांनी तुमच्यासाठी काय केलं?"

बाबा ओल्या हाताने तोंड पुसत म्हणाले, "माका सही शिकवल्यान."