फाटकावरचा शब्द

पहाटे चारला भट्टीवाल्याचा दिवस सुरू व्हायचा. काचेच्या कारखान्यातली भट्टी विझू द्यायची नसते. विझली तर आतली वितळलेली काच दगडासारखी बसते, विटा तडकतात. म्हणून अंगात ताप असला तरी तो पाळी चुकवत नसे.

त्या पहाटे फाटकाला कुलूप होतं. पगारवाढीची बोलणी फिसकटली होती. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : टाळेबंदी.

"म्हणजे संपच की," बाटल्या फुंकणारा मामा म्हणाला.

"संपावर गेलेला माणूस डबा घेऊन येतो का?" भट्टीवाला म्हणाला. "संप आपण करतो मामा. हे मालकांनी केलंय."

घरी त्यानं लेकीला 'टाळेबंदी' या शब्दाचं मूळ विचारलं. तिनं कोश काढला. "टाळं संस्कृतातून आलंय बाबा, बंदी फारसीतून. दोघं लांबून आले आणि इथं एकत्र नांदले."

"नांदले, आणि आम्हाला बाहेर काढलं."

संध्याकाळी पाळीप्रमुख घरी आला. "मागच्या दारानं ये. एकटाच. भट्टी राख, दुप्पट मजुरी देतो."

लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायची राहिली होती. बायको म्हणाली, "मी काही बोलणार नाही." म्हणजे बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

"भट्टी आम्ही चौघं राखतो," तो पाळीप्रमुखाला म्हणाला. "चौघांना घ्या."

"चौघं नकोत."

"मग मीही नको."

रोज तो रस्त्यापलीकडून धुराडं बघायचा. धूर बारीक होत गेला, मग थांबला. लेकीची जागा दुसरीला गेली. तिनं बापाला एका शब्दानं विचारलं नाही. तेच त्याला जड गेलं.

तडजोड होऊन फाटक उघडलं तेव्हा भट्टीत कमरेएवढी काच थिजली होती. ती छिन्नी-घणानं फोडायची. घण नुसत्या खांद्यातून मारला तर दुपारपर्यंत हात उतरतो. कमरेतून मारावा लागतो. दमलेला माणूस घण उचलतो, पण घाव चुकतो आणि ठिकरी डोळ्याकडे येते.

"तुझी भट्टी तुझ्यासारखीच रे, चिवट," मामा धापा टाकत म्हणाला.

त्यानं नुसता पुढचा घाव घातला. दम राखायचा होता. आयुष्यभर वितळवलेलं आता फोडत बसायचं, एवढंच मनात होतं.

काच निघायला पुढचा उन्हाळा आला. त्या मजुरीतून लेकीची फी भरली, एक वर्ष उशिरा.