कानसाहेबांचं हसू

माझ्या पणजोबांची तेवीस भाषणं आज वाचायला मिळतात, ती सरकारच्या माणसामुळे. घरात त्यांच्या हातचा एक कागद उरला नाही. झडतीत पोलिसांनी सगळं नेलं, वाणसामानाची यादीसुद्धा. उरलं ते सरकारी दप्तरात, एका लघुलेखकाने उतरवून ठेवलेलं. त्याची हकिकत थोडी त्या दप्तरातून मिळाली, बरीचशी आजीकडून. आजी पणजोबांची धाकटी लेक.

सगळे त्याला कानसाहेब म्हणत. सरकारचा कान, म्हणून.

प्रांतावर तेव्हा परक्यांचं राज्य होतं. सभा घ्यायला परवानगी मिळे, पण व्यासपीठाच्या पायथ्याशी एक टेबल आणि खुर्ची मांडून द्यावी लागे. तिथे बसून कानसाहेब वक्त्याचा शब्द न् शब्द लघुलिपीत टिपत. एखादं वाक्य कायद्याच्या कचाट्यात सापडलं, की वक्त्याची रवानगी तुरुंगात. माणूस किरकोळ, खिशात पाच पेन्सिली, सगळ्या दोन्ही टोकांना तासलेल्या. त्यांचा एक नेम होता. आठवणीतून काही लिहायचं नाही. शब्द निसटला, तर तेवढी जागा कोरी सोडायची आणि कारण कंसात द्यायचं. (टाळ्या). (खोकला). (मूल रडलं). त्या कंसांमुळेच मला पणजोबा दिसतात. कुठे पाणी प्यायले, कुठे त्यांना ठसका लागला, सगळं आहे.

पणजोबा शाळामास्तर, भाषणांपायी नोकरी गेलेली. बोलायचे भरधाव. मधेच थांबून खाली वाकत.

“कानसाहेब, आलात का माझ्यापर्यंत?”

“आलो. होऊ द्या पुढे,” मान वर न करता उत्तर येई.

सरबताचा पहिला पेला पणजी त्या टेबलावर पाठवायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, “मास्तर दोन तास बोलतात. ऐकणाऱ्याच्या घशालाही कोरड पडते.”

त्या वर्षी प्रांताला नवं विधिमंडळ मिळालं. निवडून आलेल्यांनी प्रश्न विचारायचे; उत्तर द्यायचं की नाही, ते गव्हर्नरच्या मर्जीवर. पणजोबा सभेत म्हणाले, “ही पद्धत मला नवी नाही. वीस वर्षं माझ्या घरात हेच चाललंय. प्रश्न मी विचारतो. उत्तर द्यायचं की नाही, ते सरकार ठरवतं. सरकार पहिल्या रांगेत बसलंय.”

पहिल्या रांगेतून पणजीचा आवाज आला, “आधी प्रश्न तरी धड विचारायला शिका.”

सभेत एकच हशा उसळला. आणि त्या टेबलाशी बसल्याच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच कानसाहेब हसले. आधी खांदे हलले, मग हातातली पेन्सिल गळून टेबलाखाली गेली. पणजोबांना त्या हशाने जोर चढला. ते कडाडले, “उत्तर न देणाऱ्या सरकारला कर कशाला? पुढच्या महिन्यापासून एक पैसा भरू नका.” कानसाहेब पेन्सिल घेऊन वर आले, तोवर वाक्य होऊन गेलं होतं. वहीत (हशा) एवढंच आहे. त्यापुढची ओळ कोरी.

दुसऱ्या दिवशी पणजोबांना अटक झाली. करबंदीची चिथावणी म्हणजे दोन वर्षं सक्तमजुरी, आणि त्यांच्या छातीत तेव्हाच कळा येत होत्या. डॉक्टर पणजीला बाजूला घेऊन म्हणाले, “दोन वर्षं निघायची नाहीत, वहिनी.”

साध्या वेशातल्या चार पोलिसांनी कोर्टात ते वाक्य चार तऱ्हांनी सांगितलं. सगळी भिस्त वहीवर आली. साक्षीच्या आदल्या दिवशी वरिष्ठांनी कानसाहेबांना बोलावून घेतलं होतं.

“वाक्य लक्षात आहे ना? मग भरा की ती ओळ.”

“वही त्याच दिवशी बंद झाली, साहेब.”

साक्षीच्या पिंजऱ्यात सरकारी वकिलांनी विचारलं, “ही जागा कोरी का?”

“मी हसत होतो.”

कोर्टात खसखस पिकली. कामात हयगय केल्याची ही कबुली होती, आणि ती त्यांनी भर कोर्टात, सगळ्यांदेखत दिली.

“पण वाक्य कानावर पडलंच असेल. आठवून सांगा.”

कानसाहेब न्यायाधीशांकडे वळले. “आजवर माझ्या वह्यांवर नऊ जणांना शिक्षा झाली. आठवणीतलं एक अक्षरही त्यांत नाही, असं मी दर वेळी शपथेवर सांगितलंय. आज आठवणीतून बोललो, तर त्या नऊ खटल्यांचं काय करायचं, ते सरकारनेच सांगावं.”

न्यायाधीशांनी वहीची पानं चाळली आणि पुरावा अपुरा ठरवला. पणजोबा त्याच संध्याकाळी घरी आले. पुढे सहा वर्षं जगले. आजी वडिलांकडून लिहायला शिकली, ती त्या सहा वर्षांत.

कानसाहेबांना मात्र महिन्याभरात सक्तीने घरी बसवलं. पणजी आजीचं बोट धरून त्यांच्याकडे गेली. दोन खोल्यांचं घर, दोरीवर ओले कपडे. ते ओट्याशी बसून भाजी निवडत होते.

“तुमचे उपकार कसे फेडू, भाऊ?” पणजी म्हणाली.

“उपकार कसले. हसू आलं, ते खरंच आलं.”

आतून त्यांची बायको म्हणाली, “घरी कधी हसले नाहीत हो. मलाही सांगा की काय म्हणालात ते.”

मग दोघी हसायला लागल्या. कानसाहेब खाली मान घालून देठं खुडत राहिले.

त्यानंतरच्या सभेला टेबलाशी नवा लघुलेखक होता. कानसाहेब मागे, बूट काढलेल्या जागी उभे होते. पणजीने पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, “सरक गं जरा, भाऊंना बसू दे.” ते सतरंजीवर येऊन बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. गुडघ्यांवर ठेवले, खिशात घातले, परत काढले. पणजोबा बोलायला लागले, तसे ते मान वर करून बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी पणजोबांना बोलताना कधी पाहिलंच नव्हतं.