जावयाची गाडी ठोकळ्यांवर

टायरवाल्या मावशींचं दुकान वळणावरच होतं, आणि त्यांच्या हाताखालून गेली नाही अशी गाडी त्या भागात शोधून सापडली नसती. ट्रक, बस, दूधवाल्याची तीनचाकी, एकदा तर सर्कशीतल्या पिंजऱ्याचं चाक. पण त्या दिवशी दुपारी जावई जी गाडी घेऊन आले, तसली गाडी मावशींनी फक्त रस्त्यावरून जाताना पाहिली होती. विजेवर चालणारी, लांबरुंद, आणि पोट जमिनीला टेकेल की काय इतकी बसकी.

दुकानासमोरच्या गटारावर लोखंडी जाळी होती. तिची एक कड उचकटून वर आली होती. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला "जरा बाजूने हं" म्हणून सांगून थकल्या होत्या. जावयांना सांगायला कोणी नव्हतं, कारण ते न कळवता आले होते. डावीकडची दोन्ही चाकं जाळीवरून गेली आणि अंगणात येऊन थांबता थांबता गाडी एका कुशीवर कलली.

मावशींनी कपाळावर हात मारला. "माझ्याच दारात! जावईबापू, पंक्चर व्हायला दुसरी जागा नाही मिळाली?"

जावई ओशाळून हसले. ते दातांचे डॉक्टर. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण सासूच्या दुकानात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मनात काही होतं म्हणून नव्हे. ते यायचे ते थेट मागच्या घरात. सासऱ्यांशी, म्हणजे मास्तरांशी, त्यांच्या गप्पा रंगायच्या, आणि मावशी हात धुऊन येईपर्यंत निघायची वेळ झालेली असायची. सासू-जावयाचं बोलणं "प्रवास बरा झाला ना?" आणि "जपून जा" याच्या पुढे फारसं गेलंच नव्हतं.

"जास्तीचं चाक काढा," मावशी म्हणाल्या.

"आई, यात जास्तीचं चाक देतच नाहीत."

"म्हणजे? एवढी मोठी गाडी आणि चाकं मोजून चारच?"

मावशी खाली बसल्या. पुढच्या टायरमध्ये सळईचा तुकडा घुसला होता, तो दुरुस्त होण्यासारखा होता. मागच्या टायरची मात्र बाजूच चिरली होती. त्याला आता पॅच लावून भागणार नव्हतं, नवा टायर हवा होता, आणि या मापाचा टायर त्यांच्याकडे कुठून असणार? त्यांनी घाऊक दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, उद्या सकाळी पाठवतो.

"म्हणजे आज मुक्काम," मावशी म्हणाल्या आणि जॅक आणायला आत गेल्या.

चाकांवर ओढायचा तो लांब जॅक मामंजींचा होता, मावशींच्या सासऱ्यांचा. लाल रंग कधीच उडाला होता, पण दांड्याला जिथे हात लागतो तिथे लोखंड गुळगुळीत झालं होतं. तिथे हात पडला की मावशींना मामंजींची आठवण यायची.

त्या या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा दुकान मामंजी चालवायचे. मास्तरांचा त्यात जीव नव्हता. त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला तर तो पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवायचे. मामंजी मात्र पहाटेपासून अंगणात. डाव्या पायाची दोन बोटं गेलेली, चालताना किंचित लंगडायचे. तरुणपणी भर उन्हात रस्त्यावर ट्रक उचलला होता, तापलेल्या डांबरात जॅक रुतला, कलंडला आणि पाय सापडला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर अंगणात सिमेंटची सपाट लादी घालून घेतली. "आता माझ्याकडे येणारी गाडी पक्क्या जमिनीवरच उचलीन," म्हणाले.

पुढे त्यांचे गुडघे गेले. एकदा मावशी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मामंजी चाकाशी बसायचा प्रयत्न करत होते आणि बसवत नव्हतं. ट्रकवाला घाईत होता. मावशींनी कप भिंतीवर ठेवला, खाली बसल्या आणि पाना हातात घेतला. मामंजी बाजूला सरकून बघत राहिले. बराच वेळ नट हलेना तेव्हा शांतपणे म्हणाले, "उलटं फिरवतेस, सूनबाई."

तेवढंच. त्या दिवसापासून मामंजी टायरच्या चळतीवर बसून सांगायचे आणि सूनबाई करायच्या. लोकांनी नाकं मुरडली, पण मालधक्क्यावरून येणाऱ्या ट्रकची रांग काही तुटली नाही. ते दिवसच तसे होते. अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. ड्रायव्हर कट्ट्यावर बसून कुठल्या कुठल्या गावांच्या गोष्टी सांगायचे, रेडिओ चालू असायचा, आणि मावशींची लेक, तेव्हा जेमतेम चालायला लागलेली, ट्रकच्या टायरमध्ये गोधडी घालून झोपवलेली असायची. ड्रायव्हर लोक तिच्यासाठी आवाज खाली आणायचे. मग शहराबाहेरून नवा रस्ता झाला आणि ट्रक तिकडून जायला लागले. मामंजींनी ते पाहिलं नाही, एवढंच बरं.

"आई, जरा थांबा." जावयांच्या आवाजाने मावशी भानावर आल्या. सवयीने त्यांनी जॅक गाडीखाली आतल्या बाजूला सरकवला होता. जावई फोनवर गाडीचं माहितीपुस्तक उघडून बसले होते. "तिथे नको. तिथे सगळी बॅटरीच आहे. पोटभर पसरलेली. तिच्यावर जोर आला तर गाडी कामातून जाईल, आगही लागू शकते म्हणतात."

मावशींनी पटकन हात मागे घेतला. "मग उचलायची कुठून?"

दोघं पालथी पडून गाडीखाली बघू लागली. मास्तर चहा घेऊन आले तेव्हा त्यांना बायको आणि जावई यांचे फक्त पाय दिसले. "दोघांचं बरं जमलंय," म्हणत त्यांनी कप लादीवर ठेवले.

दाराखालच्या कडेला, चाकाजवळ, एक लांबट खाच सापडली. पुस्तकात म्हटलं होतं, इथेच, आणि मध्ये रबर ठेवून. मावशींनी ट्रकच्या जुन्या टायरचा जाड तुकडा कापला आणि खाचेत नीट बसेल असा उंचवटा त्याला तासून काढला. जावई त्यांची सुरी चालताना बघत राहिले. "आमच्याकडे कवळी घासतात ती अशीच," म्हणाले.

मग मावशींचा क्रम सुरू झाला. हँडब्रेक लावायला सांगितला. उजवीकडच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. गाडीत कोणी नाही याची खात्री केली. जावयांनी त्याआधीच गाडीतल्या पडद्यावर बोट फिरवून गाडीला उचलताना स्वतःहून खालीवर न होण्याची आज्ञा दिली होती. "आमचे ट्रक नुसते उभे राहायचे," मावशी म्हणाल्या, "यांची समजूत घालावी लागते." पुढच्या टायरमध्ये तात्पुरती हवा भरली तेव्हा गाडी थोडी उठली आणि जॅक आत गेला.

"नट आधी जमिनीवरच सैल करायचे," मावशींनी सांगितलं. "चाक हवेत गेल्यावर जोर लावला तर गाडी हलते. तुम्ही दात काढताना आधी हलवून घेता ना?"

"हो, पण आमचा पेशंट ओरडतो."

पुढचं चाक ठीक निघालं. टायरच्या आत आवाज कमी करायला फोमचा थर चिकटवला होता. तो भोकाभोवती खरवडून काढावा लागला, मग आतून पॅच बसला. चाक परत लागलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

मागचं चाक अवघड होतं. तिकडे कड इतकी खाली आली होती की जॅक शिरेना. मावशींनी चाकामागे निमुळती फळी ठेवली, दगड तेवढ्यापुरते काढले आणि जावयांना गाडी तसूभर मागे घ्यायला सांगितली. आवाज न करता एवढं धूड फळीवर चढलं. पुन्हा ब्रेक, पुन्हा दगड. जॅक आत गेला. मावशी दांडा दाबत होत्या आणि गाडी केसाकेसाने उठत होती. तिचं वजन त्यांना खांद्यात जाणवत होतं. ट्रक उचलले होते त्यांनी, पण ट्रक उंच असतो, त्याचं ओझं दिसतं. हिचं सगळं ओझं खाली दडलेलं.

जशी गाडी उठेल तसे मावशी कडेखाली, जॅकच्या शेजारी, लाकडी ठोकळे रचत होत्या. चाक निघालं. तेवढ्यात एक नट घरंगळत आत गेला आणि जावई तो घ्यायला वाकले.

"हात बाहेर!"

आवाज एवढा करडा होता की जावयांचा हात जागच्या जागी थिजला आणि मग झटकन मागे आला. सासूचा हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. मावशी शेवटचा ठोकळा बसवत होत्या. तो सरकवून हात मागे घेतला, आणि जॅकमधून तेलाची बारीक धार लादीवर आली. जॅक आपोआप खाली येऊ लागला. गाडी हळूच बसली, बोटभर, आणि ठोकळ्यांनी कर्रकन आवाज करून तिला झेललं.

गाडी ठोकळ्यांवर निवांत बसली होती. जावयांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, बोटं उघडली, मिटली.

"या हातावरच आमचं सगळं चालतं," शेवटी ते म्हणाले.

"माहीत आहे मला," मावशी म्हणाल्या. त्या टायरच्या चळतीवर बसल्या. "जॅक आहे तो फक्त उचलायला. तोलून धरायला ठोकळाच लागतो. मामंजी पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते. मी तेव्हा मनात म्हटलं, म्हातारा फार भित्रा आहे."

जावई त्यांच्या शेजारी येऊन बसले. "मला सांगा ना त्यांच्याबद्दल," म्हणाले. "घरात फोटो बघतो, पण कोणी बोलत नाही."

मास्तर वडिलांचं नाव निघालं की गप्प होत असत, आणि मामंजी गेले तेव्हा लेक लहान होती. त्यामुळे मावशींना असं कोणी विचारलंच नव्हतं. त्या बोलत सुटल्या. बोटं कशी गेली, लादी कशी घातली, शिट्टी कशी वाजवायचे, एका ड्रायव्हरच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी ट्रक कसा स्वतः दवाखान्यात नेला. बोलता बोलता जॅककडे लक्ष जायचं. तेल गळून तो मोकळा झाला होता. वॉशर बदलून चालला असता कदाचित. पण मावशींनी तो फडक्याने पुसला आणि आत भिंतीशी उभा करून ठेवला. "पुरे झालं याचं," म्हणाल्या. रडल्या नाहीत, पण पुसायला मात्र बराच वेळ लागला. अंधार पडायच्या आत मास्तरांनी हाक मारली तेव्हा दोघं उठली.

सकाळी नवा टायर आला. गाडी ठोकळ्यांनी उंच धरलेली असल्यामुळे ट्रकचा उभा जॅक आता आरामात खाली मावला. चाक चढलं, गाडी जमिनीवर आली, नट समोरासमोरचे एकेक करून घट्ट झाले. मग दोघांनी मिळून गटारावरची जाळी हातोड्याने ठोकून सरळ केली. हे काम जावयांनीच काढलं.

निघायच्या वेळी जावयांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं. "तुम्ही चालवा."

"मी? अहो, मी टेम्पो चालवलाय फक्त."

"मग हे जमेलच."

मास्तर मागे बसले. मावशींनी पाय हलकेच दाबला आणि गाडी निघाली. मालधक्क्याच्या रस्त्याला लागली, जिथे आता झुडपं माजली होती आणि एकही ट्रक उभा नव्हता. इंजिन नव्हतं, घरघर नव्हती. आयुष्यभर टायरला हात लावला होता, पण चालत्या गाडीत टायरचा आवाज मावशींना पहिल्यांदाच नीट ऐकू आला. रस्त्यावरून जाणारी एक मऊ, सलग सळसळ. त्या कान देऊन ऐकत राहिल्या. मास्तर मागून काहीतरी म्हणाले, त्यांनी हात करून गप्प केलं.

रस्ता संपला तिथे त्यांनी गाडी वळवली.

"काय वाटलं?" जावयांनी विचारलं.

"छान आहे," मावशी म्हणाल्या. "पण मागच्या डाव्यात हवा जरा जास्त झाली आहे. घरी गेल्यावर काढते थोडी."