मंगळवारची मिशी

सौंसरच्या बस स्टँडामागच्या गल्लीत चिंतामण लक्षणेचं सलून सव्वीस वर्षांपासून आहे. एवढ्या वर्षांत त्याने ना कोणाचा कान कापला, ना एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानात घातली. न्हाव्यासाठी दुसरं जास्त अवघड, हे तुम्हालाही माहीत आहे.

सुरुवात झाली लिंबाच्या झाडाला टांगलेल्या आरशापासून. मग टपरी, मग पक्कं दुकान. चिंतामणचा आजा जवळच्या रामाकोना गावात धोकटी घेऊन घरोघर हजामत करायचा, पण बौद्धांच्या वस्तीकडे पाय वळवायचा नाही. नातवाने दुकान टाकलं त्या दिवशी खुर्चीत पहिला बसवला तो दादाराव, रामाकोन्याच्या त्याच वस्तीतला, नगरपालिकेत नुकताच लागलेला. भाऊबंद कुरकुरले, "गिऱ्हाईक तुटन तुझं." चिंतामण म्हणाला, "ज्याचा नंबर, त्याची खुर्ची." गिऱ्हाईक काही तुटलं नाही. दादाराव आता रिटायर झाला, तरी रोज सकाळी बाकड्यावर येऊन पेपर वाचतो, दाढी करायची असो की नसो.

पण खरं बोलायचं तर दुकान टिकवलं मीनाने, त्याच्या बायकोने. टॉवेल ती रोज उकळून वाळवायची. लेकराचं जावळ काढायचं असलं की लेकरू मांडीवर घेऊन बसायची, अन् ते रडायचं विसरून तिच्या बांगड्यांशी खेळायचं. अर्धा मोहल्ला तिच्या मांडीवर पहिल्यांदा भादरला गेला आहे.

ती श्रावणात गेली. चिंतामण रडला नाही. स्मशानात नाही, तेरवीला नाही. लोक वाट पाहून थकले. कोणी म्हणे, दगडाचं काळीज आहे. दगड कसला? त्याला काही वाटतच नव्हतं, बस. चौदाव्या दिवशी त्याने शटर उचललं. हात चालायचे. चहा गरम होता की थंड, विचारलं तर सांगता आलं नसतं. नागपूरहून लेक भाग्यश्री रोज फोन करायची, "बाबा, दुकान देऊन टाका कोणाला अन् इकडे या." तो म्हणायचा, "पाहू." तीन महिने तो नुसता पाहूनच राहिला होता.

मग तो सोमवार आला. सकाळी रामाकोन्याला नदीवर कोणाचा दहावा होता. चौघा भावांची डोकी, दाढ्या, मिशा, सगळं साफ करून चिंतामण अकराला परत आला अन् दुकान उघडलं. खुर्चीत बसले सुखदेव मास्तर. दाढीला फेस लागला अन् मास्तर घोरायला लागले. वस्तरा गालावरून उतरला, हनुवटीवरून फिरला, वर चढला, अन् सकाळी चारदा केलं तेच पाचव्यांदा करून बसला.

"अबे चिंतामण!" दादाराव पेपर टाकून ओरडला. पण तोवर मिशी फडक्यावर पडली होती.

आता आमच्याकडे बाप असेतोवर मिशीला वस्तरा लागत नाही. मिशी गेली म्हणजे बाप गेला, वेगळं सांगावं लागत नाही. मास्तरांचे वडील गुलाबराव चौऱ्याऐंशीचे. पायांनी अधू, पण जीभ अजून नवी कोरी.

मास्तरांनी आरशात पाहिलं. "माझा बाप जित्ता हाय, चिंतामण!" एवढंच बोलले अन् तोंडावर हात दाबून निघाले.

घाईत चिंतामणचा अंगठा चिरला होता. रक्त दादारावला दिसलं, त्याला नाही. त्याच अंगठ्याने त्याने पुढच्या गिऱ्हाईकाला तुरटी लावली. काही झोंबलं नाही.

तोंडावर हात ठेवून माणूस किती लपणार? मास्तर घरी पोचायच्या आत चौघांनी त्यांना पाहिलं, अन् दुपारपर्यंत अंगण भरलं. बाया पदर डोळ्याला लावून आल्या. एका शहाण्याने तर बांबूही सांगून टाकले! गुलाबराव अंगणात खाटेवर संत्रं सोलत बसले होते. "कोण गेलं बाप्पा?" त्यांनीच विचारलं.

चिंतामणच्या कानावर सगळं आलं. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. एवढं मात्र समजलं, की आपला हात काय करतो ते ज्याला कळत नाही, त्याच्या हाताखाली लोकांनी गळा द्यायचा कसा? संध्याकाळी त्याने लेकीला फोन केला. "उद्या दुपारच्या बसनं येतो. दुकान बंद."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मंगळवारी सौंसरात कोणी केसाला हात लावत नाही, अर्धं गाव जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातं. चिंतामण अर्धं शटर वर करून आरसा उतरवत होता. दादाराव बाकड्यावर होताच. उठत नव्हता.

मास्तरांची मोटरसायकल थांबली. मागे गुलाबराव. दादारावने अन् मास्तरांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"आरसा टांग," बुढा म्हणाला. "अन् माझी मिशी काढ."

"बाबाजी, आज मंगळवार हाय."

"मंगळवार जित्त्या माणसाले. मी तं कालच मेलो ना!"

दादाराव हसला. मास्तर हसले नाहीत, पण मान खाली घातली.

"बापानंच काढली तं पोराले कोण नाव ठेवते?" गुलाबराव म्हणाले. "अन् आयक. पाच वर्षांपासून माझ्या अंगणात कुत्रं येत नव्हतं. काल चाळीस माणूस येऊन गेला. मेल्यावर कोण कोण येते, ते मी जित्तेपणी पाहून घेतलं. लाव फेस."

चिंतामणने आरसा टांगला, फेस लावला. डावी बाजू उतरली. तेवढ्यात बुढ्याने त्याचं मनगट धरलं.

"मीना गेली तं मी येऊ शकलो नाई. पाय नाईत. तिनं शेवटी का खाल्लं गा?"

तीन महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. कसं झालं, किती वाजता झालं, डॉक्टर काय म्हणाले, सगळ्यांनी हेच विचारलं.

"संत्र्याची फोड," चिंतामण म्हणाला. "एक. आंबट हाय म्हणे. अर्धी मले देल्ली."

"होती का आंबट?"

"गोड होती, बाबाजी."

वस्तरा जरासा हलला. बुढ्याच्या ओठावर रक्ताचा टिपूस आला. चिंतामणने तुरटी ओली करून दाबली, अन् एकदम हात झटकला.

"आई गं!" कालचा अंगठा झोंबला होता.

तो अंगठ्याकडे पाहत राहिला. मग बाकड्यावर दादारावशेजारी बसला अन् रडला. श्रावणापासूनचं सगळं रडला, मोठ्याने, जावळाच्या वेळी लेकरं रडतात तसा. शटर अर्धं वर होतं, रस्त्यावरचे लोक पाहत होते. त्याला लाज वाटली, तरी तो रडला.

बाकड्यावरचा त्याचा फोन वाजला. दादारावने उचलला. भाग्यश्री होती. "काका, बाबा निघाले का बसने?"

दादारावने चिंतामणकडे पाहिलं. चिंतामण डोळे पुसून उठला होता, वस्तरा धूत होता.

"नाई बाई," दादाराव म्हणाला. "बाबा कामात हायेत. अर्धी मिशी बाकी हाय."