पॅरिस ते लंडन, आपलं पुणे-मुंबई

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळींत एक रिवाज होता. युरोप करून आलेल्याने, घरोघरून डबे आणून केलेल्या पॉटलकनंतर, स्लाइड्स दाखवायच्या आणि ज्यांनी वडे खाल्ले त्यांनी त्या निमूट बघायच्या.

त्या शनिवारी पाळी एका डॉक्टर काकांची होती. आठवड्यात सात देश. प्रत्येक स्लाइडमध्ये मध्यभागी काकू, मागे जागा उरलीच तर युरोप.

"पॅरिस ते लंडन म्हणजे काय हो, आपलं पुणे-मुंबई!" काका म्हणाले. रोम-मिलान? तेही पुणे-मुंबई. ब्रसेल्स-अ‍ॅमस्टरडॅम तर "लोणावळ्यापर्यंत समजा." सगळे माना डोलवत होते. मी वाशिमकडची. मुंबई पाहिली ती व्हिसासाठी, पुणं अजून पाहायचंच आहे. माझी फुटपट्टीच वेगळी.

माझी काळजीही वेगळी होती. आईला इकडे आणायचं होतं, एकटीला. अकोल्यापलीकडे ती कधी गेली नव्हती आणि तिला वाचता येत नाही. एजंटने स्वस्तातलं तिकीट शोधून ठेवलं होतं: मुंबईहून पॅरिस, तिथे विमान बदलून लंडन, तिथे परत बदलून शिकागो. हे मी सगळ्यांसमोर बोलून बसले.

"अगं, घेऊन टाक!" काका म्हणाले. "पॅरिस-लंडन तासाभराचं विमान. कॉफी संपत नाही तोवर खाली."

"तासभर हवेत, काका. जमिनीवरचं काय? पासपोर्टची रांग, दुसरं टर्मिनल. पाट्या कोण वाचणार?"

"बाण असतात ना! बाणाला काय शिक्षण लागतं?"

सगळे हसले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईच्या अंगठ्यावर हसणारे मी कॉलेजातही ऐकले होते आणि तिथेही गप्प बसले नव्हते.

"काका, तुमच्या आई कुठून आल्या होत्या? पॅरिसवरून की थेट?"

काका पंधरा वर्षं अमेरिकेत होते. "तिला पुणं सोडवत नाही गं," ते म्हणाले. "आणि एवढा लांबचा प्रवास, या वयात..."

काकूंनी घाईघाईने पुढची स्लाइड लावली. आयफेल टॉवर, उलटा.

सोमवारी मी एजंटला सांगितलं, विमान एकच हवं, मध्ये कुठेही बदलायचं नाही. ते न्यूयॉर्कपर्यंतच येत होतं. म्हटलं, येऊ दे, पुढचे तेराशे किलोमीटर मी गाडीने आणते.

"न्यूयॉर्कपर्यंत ड्राइव्ह करणार? फार शहाणी आहे," असं मंडळींत बोललं गेलं. मी गेले.

आई काचेच्या दारातून बाहेर आली ती विमानातलं ब्लँकेट खांद्यावर घेऊन. ते परत करायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि काढून घ्यायची कोणाची छाती झाली नसावी. परतीच्या वाटेवर पेनसिल्व्हेनियाभर ती विमानातल्या वरणाला नावं ठेवत होती. पुढचं राज्य, ओहायो, लागलं तसा तिचा आवाज बसला. मग पाय सीटवर घेऊन, घरच्या बाजेवर पडावं तशी ती झोपली.