सुमनताईच्या भिंतीवरचा डोळा

सुमनताईची आणि माझी शेवटची भेट झाली ती तिच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात. माझी ही आतेबहीण डोळ्यांची डॉक्टर, त्यातही पडद्याची. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो त्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाहण्यात तिचं आयुष्य गेलं. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे यंत्रावर हनुवटी टेकवली, तिनं फोटो काढला आणि तो स्क्रीनवर बघता बघता ती थबकली. मग तिनं स्वतःचा एक डोळा तळहातानं झाकला, तो उघडून दुसरा झाकला... "वामन, तुले इथं काही काळं दिसून राहिलं का?" मी वाकून पाहिलं. केशरी गोल, त्यात लाल फांद्या, बस. "मले तं काहीच दिसत नाही, ताई," मी म्हणालो. फोटो बंद करत ती म्हणाली, "बरं, जाय तू."

तेव्हापासून माझं डोकं तिथंच अडकलंय. कारण तपासणी नीट निघाली की ताई कधी 'ठीक आहे' म्हणत नसे, "जाय, चाय पी" म्हणायची. माझ्या आईची नजर साखरेनं नेली, आणि मलाही साखर आहे. त्यामुळे खापरखेड्याहून मी दरवर्षी यायचो ते खरं तर तो चहा ऐकायला. त्या दिवशी चहाचं नाव निघालं नाही. फोन करून विचारीन म्हणत राहिलो, आणि एका सकाळी तिच्या मुलाचाच फोन आला. मेंदूत रक्तस्राव झाला, आई गेली. मी रडलो, खूप रडलो, पण रडता रडता मनात येत होतं की आता माझ्या डोळ्याचं कोण सांगणार? माणसाचं मन म्हणजे काय चीज आहे, मला तरी कळत नाही.

आत्याचं घर उमरेडला, विणकरांचं. माग थांबला की आतोबा लुगडं पसरून पदरापासून बोट फिरवायला लागायचे, आणि ते काठाच्या टोकाला पोचेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. ताईनं विणकाम सोडलं, पण ही सवय काही सोडली नाही. रक्तवाहिन्या डोळ्यात जिथून येतात, तिथं ती पेन्सिलीचं टोक ठेवायची आणि एकेक फांदी धरून शेवटपर्यंत जायची, तोंड बंद ठेवून. मधूनच पाहिलं की माणूस फसते, असं तिचं म्हणणं. अंग न कापता रक्ताच्या नळ्या उघड्या दिसतात त्या इथंच, म्हणून बीपी असो की साखर, तिला आधी इथं कळायचं. मग ती लग्नाच्या मांडवातसुद्धा लोकांना सोडायची नाही. "गोळी काहून बंद केली गा?" असं तिनं भर पंगतीत एका व्याह्यांना विचारलं होतं, तेव्हा त्यांच्या हातातली जिलबी हातातच राहिली. तिची स्वतःची बीपीची गोळी कोणी विचारली नाही. विचारायचं असतं हेच आमच्या डोक्यात आलं नाही.

तेरवीनंतर मी दवाखान्यात गेलो. ताईच्या खुर्चीमागे डोळ्याच्या पडद्याची एक मोठी तसबीर आहे, पेशंटला समजावताना ती दाखवायची. त्या तसबिरीला झेंडूचा हार घातलेला होता. "म्याडमचाच डोळा हाये ना," लताबाई म्हणाल्या. या तिथल्या जुन्या सिस्टर. मी पहिल्यांदाच तिच्या जवळ गेलो. वरच्या बाजूला एक शीर गिरकी घेऊन पुढे गेली होती. ही गिरकी मी ओळखतो, ताईनं मला ती कितीदा दाखवली आहे, जन्माचीच आहे, भिऊ नको म्हणून... तो माझा डोळा होता. हसू की रडू ते समजेना.

ताईच्या जोडीचे डॉक्टर आत होते. माझा त्या दिवसाचा फोटो स्क्रीनवर उघडून ते म्हणाले, "तुमचा डोळा एकदम साफ आहे. म्हणून तर त्या तुमचाच फोटो दाखवायच्या, चांगला डोळा असा असतो म्हणून." मग ती का थबकली? ताईनं एकेक डोळा झाकून पाहिल्याचं मी सांगितलं, तेव्हा ते स्क्रीन सोडून माझ्याकडे वळले. डाग फोटोत असेल तर सगळ्यांना दिसतो, म्हणाले, आणि बघणाऱ्याच्याच डोळ्यात बीपीनं रक्त उतरलं असेल तर फक्त त्यालाच.

मले तं काहीच दिसत नाही, ताई. माझ्या एवढ्याशा उत्तरानं तिला तिचं कळलं होतं. आणि कळूनही, जिनं अख्ख्या गावाचे डोळे पाहिले तिनं आपला कोणाला दाखवला का नाही? वेळ मिळाला नाही, की भ्याली, की आपण डॉक्टर आहोत असं वाटलं? मी रोज वेगळं उत्तर काढतो आणि रोज ते चुकीचं वाटतं. मला तिचा राग येतो आणि फार आठवण येते.

परवा पुन्हा गेलो होतो. हार वाळला होता. जित्या माणसाच्या डोळ्याला हार, बायकोला कळलं तर घर डोक्यावर घेईल. पण लताबाईंनी काढू का विचारलं तेव्हा मी राहू द्या म्हणालो. मग पाकळ्या बाजूला सारून, फांद्या जिथून निघतात तिथं बोट ठेवलं आणि एकेक फांदी धरून शेवटपर्यंत गेलो, तोंड बंद ठेवून. गिरकीही ओलांडली. शेवटच्या फांदीच्या टोकाला बोट ठेवून तसाच उभा राहिलो...

मागून लताबाई म्हणाल्या, "भाऊ, चाय घ्या." मला तो घेववला नाही.